हात जपायचा म्हणजे काय: स्तनाच्या शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं एक प्रकरण

सिम्युलेशनच्या, म्हणजे रेडिएशनची आखणी करायच्या टेबलावर बाईंचा उजवा हात डोक्यामागे गेला, कसाबसा आधाराला टेकला आणि चौथ्या मिनिटाला थरथरायला लागला. तंत्रज्ञाने विचारलं, "जरा खाली घेऊन परत वर नेता येईल का?" नेता आला, पण आधीच्या जागी टेकेना. रेडिएशनची आखणी करताना हात एकाच जागी पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवावा लागतो आणि पुढे प्रत्येक बैठकीला तो पुन्हा त्याच जागी यावा लागतो. ते जमेना, म्हणून आखणी आठ दिवस पुढे गेली. शस्त्रक्रियेला तेव्हा ३६ दिवस झाले होते. जखम भरली होती, टाके निघाले होते, पॅथॉलॉजीचा रिपोर्टही बराच दिलासा देणारा होता. घोडं अडलं ते खांद्यापाशी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या बाई माझ्याकडे शस्त्रक्रियेच्या १६ दिवस आधी आल्या होत्या. म्हणजे वेळ हाताशी होता, तयारीही केली होती, आणि तरी हे झालं. ते का झालं हे मांडण्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या शाळेत शिकवतात. तिथे सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणत राहिले.

सुरुवातीची स्थिती

वय ५४, पाळी थांबलेली, मधुमेह ११ वर्षांपासून. उजव्या स्तनात दोन गाठी, दोन वेगळ्या भागांत. काखेतल्या एका गाठीत (ही लिम्फची ग्रंथी, ती प्रत्येकाच्या काखेत असते) सुईच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडलेल्या. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा कॅन्सर; हर-टू या प्रथिनाची तपासणी निगेटिव्ह. आधी जवळपास पाच महिने केमो झाली. गाठी लहान झाल्या, पण एकमेकींपासून लांब असल्यामुळे स्तन राखून शस्त्रक्रिया करणं सर्जनना योग्य वाटलं नाही. ठरलं ते असं: पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढायच्या, छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवायचा, आणि नंतर रेडिएशन. स्तनाची पुनर्रचना करायची का, असं सर्जननी दोनदा विचारलं. बाईंनी दोन्ही वेळा नको म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला.

स्नायू ठेवायचा, हे मी मुद्दाम लिहिते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायूही काढून टाकत. मोठा स्नायू राखणारी पद्धत पेटी यांनी १९४८ मध्ये मांडली. "त्या ऑपरेशननंतर हात कायमचा जातो" असं अजूनही कुणी ना कुणी सांगतंच. त्या बोलण्यात जुन्या शस्त्रक्रियेची आठवण शिल्लक असावी असं मला वाटतं. आज हात जात नाही. आखडू मात्र शकतो, आणि आखडण्याचं कारण बरेचदा शस्त्रक्रियेत नसतं.

बाईंचा तर तो आधीच आखडलेला होता. पहिल्या भेटीत मी दोन्ही हात मोजले. समोरून वर नेताना डावा १७२ अंश, उजवा १४८. बाजूने वर नेताना उजवा १३० च्या पुढे जाईना. तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा वर्षभर धरला होता, म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेहात हे दुखणं इतरांपेक्षा जास्त दिसतं. आपोआप बरं झालं म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची फाईल चांगली बोटभर जाड होती, तिच्यात खांद्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"फळ्याच्या वरच्या ओळीला गेली तीन वर्षं मी हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या. "मुलांना वाटतं, बाई वर समास सोडतात."

सोळा दिवस

सोळा दिवसांत खांदा पूर्ण सुटत नाही. पण शस्त्रक्रियेनंतर कोणत्या हालचाली करायच्या, हे शरीराला आधीच माहीत करून देता येतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी गुंगीत असलेल्या, एका बाजूला दोन नळ्या लागलेल्या माणसाला व्यायाम शिकवण्यात काही अर्थ नसतो. तो मान डोलावतो आणि विसरतो. म्हणून आम्ही चारच गोष्टी घटवल्या: लांब श्वास, खांद्याची पाती मागे ओढणं, पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरून डाव्या हाताने उजव्याला वर नेणं, आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढणं.

भिंतीचा प्रकार बाईंना आवडला. बोटं जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची, ही त्यांचीच कल्पना. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची रेघ पहिल्या रेघेच्या चार बोटं वर होती.

दोन्ही दंडांचे आणि मनगटाकडच्या भागाचे घेर टेपने मोजून लिहिले. हे आधीच करावं लागतं, कारण पुढे हाताला सूज आली का हे ठरवताना तुलनेला काहीतरी हवं. कोपराच्या १५ सेंटिमीटर वर उजवा २९.४ आणि डावा २९.० भरला. कामाचा हात थोडा जाड असतोच. हा ०.४ चा फरक नोंदवलेला नसता, तर पुढे तोही सुजेच्या खात्यात गेला असता.

शुगरचा प्रश्न वेगळा होता. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे ती चढली होती, एचबीए१सी ८.६. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, सोळा दिवसांत तो फारसा हलत नाही. त्यामुळे मधुमेहाच्या डॉक्टरांनी रोजच्या शुगरवर लक्ष ठेवलं, औषध बदललं आणि ऑपरेशनच्या आठवड्यात आकडे ताब्यात आणले. शुगर चढलेली असली की जखम उशिरा भरते आणि संसर्गाला वाट मिळते. रोजची अॅस्पिरिन कधी थांबवायची, हे भूलतज्ज्ञ सांगणार होते. बाईंनी कुठेतरी वाचून ती स्वतःच आधी बंद करून टाकली होती. त्यावरून बोलणी खाल्ली.

घरातल्या तयारीबद्दल एवढंच सांगते. पुढून उघडणारे सैल कपडे सगळेच सांगतात. पण केमोतल्या पॅक्लिटॅक्सेलमुळे बाईंची बोटांची टोकं बधिर झाली होती, बटणं लागत नव्हती. म्हणून बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेले दोन अंगरखे शिवून घेतले. रोज लागणाऱ्या वस्तू वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आल्या. काखेखाली ठेवायला एक छोटी मऊ उशी तयार झाली.

आणि ड्रेनची, म्हणजे जखमेतला पाझर बाहेर काढणाऱ्या नळीची रंगीत तालीम. एक वापरात नसलेला ड्रेन घेऊन त्यात रंगीत पाणी भरलं. हातात मावेल एवढा प्लास्टिकचा फुगा असतो, तो दाबून चपटा केला आणि बूच लावलं की आत ओढ तयार होते. बाईंच्या यजमानांनी तो उघडला, मापात ओतला, आकडा वाचला, फुगा दाबला, बूच लावलं. पहिल्या वेळी बूच आधी लावलं आणि मग दाबत बसले. तिसऱ्या वेळी जमलं. हे घरी पहिल्यांदाच करायची वेळ आली असती तर पाण्याच्या जागी रक्त असतं आणि हात कापले असते.

बाईंचे प्रश्न वहीत लिहिलेले होते: व्रण कसा दिसेल, काखेतल्या किती गाठी काढणार, रिपोर्ट कधी. शेवटचा प्रश्न त्यांनी सर्जनना न विचारता मला विचारला. "बघायचं कधी?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तेव्हा. पण पहिल्यांदा बघताना कुणीतरी खोलीत असू दे."

टेबलावर आणि वॉर्डात

घन आहार शस्त्रक्रियेच्या सहा तास आधी थांबला, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं. सकाळी सर्जननी स्वतः येऊन उजव्या बाजूला पेनने खूण केली. ऑपरेशन सव्वादोन तासांत झालं. काखेतल्या १७ गाठी काढल्या. दोन ड्रेन लावले, एक छातीच्या त्वचेखाली आणि एक काखेत.

संध्याकाळी बाईंनी मुठी आवळल्या-सोडल्या, कोपर वाकवलं, आणि लांब श्वास घेताना डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून हात खांद्याच्या उंचीपर्यंत आणला. त्याच्या वर ड्रेन निघेपर्यंत जायचं नाही, असं आमच्याकडे सांगतो. त्यामागे कारण आहे. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, दिसलं की पहिल्या तीन दिवसांत व्यायाम सुरू केला तर खांद्याची हालचाल लवकर परत येते, पण जखमेतून पाझर वाढतो आणि ड्रेन थोडा जास्त दिवस ठेवावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात खांद्याच्या उंचीपर्यंत आणि नळी निघाल्यावर पूर्ण, अशी मधली वाट.

दंडाच्या आतल्या बाजूला त्यांना काहीच कळत नव्हतं. "कापडाआडून कुणीतरी हात लावतंय असं वाटतं." काखेतून दंडाकडे जाणारी एक बारीक नस गाठी काढताना ताणली जाते, कधी कापलीही जाते. बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, कधी थोडा कायम राहतो. हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. मी आणखी एक गोष्ट रोज बघत होते: हात पुढे रेटताना खांद्याचं पातं पाठीवरून पंखासारखं उचकटतंय का. तसं झालं तर दुसऱ्या एका नसेला इजा असते आणि व्यायामाची दिशाच बदलते. तसं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोन नळ्यांसह बाई घरी गेल्या. सोबत माझा व्यायामाचा छापील कागद. पुढचा सगळा गोंधळ त्या कागदातून झाला, पण त्याच्याआधी ड्रेनचं सांगते.

ड्रेनची वही

यजमान रोज सकाळी सातला दोन्ही ड्रेन मोजत आणि वहीत लिहीत. काखेतल्या ड्रेनचा रकाना असा होता: १८०, १४०, ११५, ९५, आणि पाचव्या दिवशी एकदम १५. आकड्याभोवती त्यांनी गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "छान!"

त्याच दुपारी बाईंचा फोन आला की काखेत काहीतरी भरल्यासारखं वाटतंय आणि नळीच्या कडेने पट्टी ओली झाली आहे. वहीचा फोटो मागवला. ड्रेनचा आकडा हळूहळू उतरतो. ९५ वरून १५ वर एका रात्रीत उतरला, तर पाझर थांबला असं समजायचं नसतं. नळी तुंबली असणार. फुगाही चपटा राहिला नव्हता, हवेने टम्म फुगला होता. रुग्णालयात नर्सनी नळी एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वरून खाली निपटली, बोटाएवढी रक्ताची गुठळी बाहेर आली आणि पाठोपाठ १३० मिली. यजमानांनी "छान!" खोडलं, आकडा मात्र तसाच ठेवला. ती वही मी पुढे दोन-तीन जणांना दाखवली आहे.

छातीचा ड्रेन सहाव्या दिवशी निघाला. काखेतला १३ व्या दिवशी, सलग दोन दिवस ३० मिलीच्या खाली आल्यावर. सहाव्या दिवशीच पट्टी बदलताना बाईंनी पहिल्यांदा छातीकडे पाहिलं. मुलगी खोलीत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "रेघ सरळ मारली आहे." आणि रडल्या. त्यावर मी काही भाष्य करत नाही.

१४ व्या दिवशी टाके निघाले आणि रिपोर्ट आला: कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, आणि १७ पैकी २ गाठींत कॅन्सर शिल्लक. रेडिएशन ठरलेलंच होतं, आखणीची तारीख ३६ व्या दिवसाची मिळाली. नळी निघाल्यानंतर काखेजवळ पाणी साठलं, सेरोमा. सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत हीच. १६ व्या दिवशी सुईने ६० मिली काढलं, २० व्या दिवशी ३५. त्वचा बधिर असल्यामुळे सुई कळलीच नाही. बाईंना सेरोमाची भीती वाटत होती, ती निघाली सगळ्यात सोपी.

एका वाक्याची चूक

१७ व्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या तेव्हा हात समोरून ८० अंशांपर्यंत जात होता. दवाखान्यातून निघताना ९० होता. दोन आठवड्यांत कमी झाला होता.

"व्यायाम?" मी विचारलं.

"बंद केलाय. आठव्या दिवसापासून."

घरी भेटायला आलेल्या, दवाखान्याच्या कामाशी संबंध असलेल्या एका नातेवाइकांनी माझा कागद वाचला आणि सांगितलं, जखम भरेपर्यंत हात हलवायचा नाही, इथेच लिहिलंय. मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावले. मग कागद हातात घेतला. त्यावर माझंच वाक्य होतं: "ड्रेन काढेपर्यंत व जखम भरेपर्यंत हात ९० अंशांच्या वर नेऊ नये. हाताची काळजी घ्यावी."

९० अंश म्हणजे किती, हे घरात कुणाला माहीत असणार? बाई भूमितीही शिकवतात, पण स्वतःच्या काखेत कोनमापक कोण लावतं? वाचणाऱ्याच्या मनात राहिलं ते "नेऊ नये" आणि "काळजी घ्यावी". चार व्यायाम पानाच्या मागच्या बाजूला होते, बारीक अक्षरात. पहिल्या पानावर मनाई, मागच्या पानावर काम. मी स्वतः ती पानं वर्षानुवर्षं वाटत आले होते. नातेवाइकांनी काही चुकीचं वाचलं नव्हतं.

त्यात मराठीत "हात जपा" म्हटलं की तो पोटाशी धरून बसायचा असाच अर्थ निघतो. बाई तशाच बसल्या होत्या: कोपर कमरेला, खांदा पुढे झुकलेला, उशी काखेत. ती उशीसुद्धा मीच दिली होती. नऊ दिवस. आधीच आखडलेला, मधुमेही माणसाचा खांदा, नुकती शस्त्रक्रिया झालेली काख आणि नऊ दिवसांची विश्रांती. एवढ्याने पुरतं.

२०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली प्रॉस्पर ही चाचणी मला त्या आठवड्यात पुन्हा काढून वाचावीशी वाटली. खांद्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रिया तिच्यात होत्या. धोका कुणाला, तर ज्यांना आधीपासून खांद्याचा त्रास आहे, ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत अशांना वगैरे. म्हणजे आमच्या बाईच. अर्ध्या जणींना नुसती माहितीपत्रकं दिली, अर्ध्या जणींना सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टने स्वतः बघून व्यायाम सुरू करून दिला. वर्षभराने दुसऱ्या गटाचा हात जास्त चालत होता. हे मी आधीही वाचलं होतं. आणि तरी बाईंची माझ्याकडची पुढची भेट मी १७ व्या दिवशी ठेवली होती, कारण टाके काढायच्या आसपास भेट ठेवायची आमची पद्धत आहे.

दोरी

आता १९ दिवस उरले होते. रोज भिंत, रोज काठी, एक दिवसाआड माझ्याकडे. २१ व्या दिवशी सकाळी बाई आल्या त्याच पडेल चेहऱ्याने. हात बाजूला नेला की काखेपासून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत त्वचेखाली एक तार ताणलेली दिसत होती, वाद्याची असावी तशी. "काहीतरी तुटलं ना? की परत आलं?"

दोन्हीपैकी काही नव्हतं. काखेतल्या गाठी काढल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी दोरी बऱ्याच जणींना दिसते. २००१ मध्ये तिला अॅक्सिलरी वेब सिंड्रोम असं नाव मिळालं. बंद पडलेल्या बारीक लिम्फ वाहिन्या घट्ट होतात, असं मानतात. तिचा कॅन्सर परत येण्याशी संबंध नाही, आणि बहुतेक जणींची दोरी काही महिन्यांत आपोआप विरते. पण हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि हात पुन्हा पोटाशी घेतो. दोरीबद्दल मी बाईंना आधी सांगायला विसरले होते. नवीन कागदात आता ती आहे, चित्रासकट.

उपाय सोपा, वेळखाऊ. कोपर सरळ ठेवून हात बाजूला न्यायचा, तार ताणली की तिथे थांबायचं, मनगट मागे वळवायचं, श्वास सोडायचा. मी दोन्ही अंगठ्यांनी तारेवरची त्वचा हळूच विरुद्ध दिशांना ओढत असे. ताकद लावून तोडायची नाही. एकदा व्यायाम करताना टक् असा आवाज झाला, बाई दचकल्या आणि लगेच हात दोन इंच वर गेला. असं कधी कधी आपसूक होतं.

३४ व्या दिवशी समोरून १२८, बाजूने ११०. आखणीसाठी हात बाजूने नव्वदच्या वर जाऊन बाहेर वळावा आणि डोक्यामागे निवांत पडून राहावा लागतो. कोनाचं गणित जमत होतं, निवांतपणा नव्हता. ३६ व्या दिवशी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

ते आठ दिवस आम्ही हात आणखी उंच नेण्याच्या मागे लागलो नाही. फक्त त्याच स्थितीत पडून राहायचा सराव केला. पलंगावर पाठीवर झोपून, हात डोक्यामागे, खाली आधी दोन उशा, मग एक, मग घडी घातलेलं फडकं. पाच मिनिटं, आठ, बारा, वीस. यजमान घड्याळ धरून बसत. वेदनेची गोळी सरावाआधी अर्धा तास, डॉक्टरांना विचारून. ४४ व्या दिवशी आखणी एका बैठकीत झाली. नंतर मी तंत्रज्ञाला विचारलं, त्याला आधीची वेळ आठवतही नव्हती.

त्यानंतर

रेडिएशनच्या १५ बैठका तीन आठवड्यांत झाल्या. शेवटच्या आठवड्यात काखेच्या घडीत त्वचा लाल झाली, थोडी सोलली. तेव्हा ताणाचे व्यायाम कमी केले, बंद केले नाहीत. किरणांचा परिणाम स्नायूंवर आणि त्वचेखाली महिनोन् महिने होत राहतो, म्हणून "रेडिएशन संपलं, आता व्यायाम सोडू" या वेळीच खांदा पुन्हा धरायला लागतो. बाईंना हे एका वाक्यात पटलं. शाळेत परीक्षा संपल्यावर मुलं काय करतात हे त्यांना माहीत होतं.

चौथ्या महिन्यात त्या वर्गात परतल्या. सुरुवातीला कापसाचा हलका कृत्रिम स्तन, त्वचा पूर्ण भरल्यावर सिलिकॉनचा. त्याचं वजन दिसण्यापेक्षा पाठीसाठी जास्त उपयोगी पडलं, एका बाजूला झुकून चालायची सवय सुटली.

पाचव्या महिन्यात खांदा, बोटं, गुडघे सगळंच सकाळी आखडायला लागलं. शस्त्रक्रियेचं असेल असं धरून बाई भिंतीशी जास्त वेळ घालवत होत्या. सुरू झालेली हॉर्मोनची गोळी, लेट्रोझोल, हे त्याचं कारण होतं. सांधे दुखणं हा तिचा नेहमीचा त्रास. गुडघेही दुखतायत म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण काख कापल्याने गुडघा दुखत नाही. गोळी चालू ठेवून चालणं आणि हलके वजनाचे व्यायाम वाढवले.

वजन उचलण्यावरून घरात पुन्हा वाद झाला. त्या हाताने कधीच काही उचलायचं नाही, असं सगळ्यांचं मत. वह्यांचा गठ्ठा वर्गापासून खोलीपर्यंत मुलं उचलत होती. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या श्मिट्झ यांच्या चाचणीत, आधीच सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलं तरी सूज वाढली नाही, उलट तक्रारी कमी झाल्या. आम्ही अर्ध्या किलोपासून सुरू केलं. त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, या जुन्या नियमाबद्दलही बाईंनी विचारलं. २०१६ च्या एका मोठ्या पाहणीत रक्त काढणं, रक्तदाब मोजणं आणि विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध दिसला नव्हता. त्वचेचा संसर्ग आणि जास्त वजन यांचा दिसला होता. मी त्यांना सांगितलं, डावा हात मोकळा असेल तर डावा द्या, पण एकदा उजव्यातून काढलं म्हणून रात्रभर जागू नका. बधिर काखेत रेझर फिरवताना आणि नखांच्या कडा कापताना मात्र सांभाळा, कापलं तर कळणार नाही. अचानक लाली, गरमपणा, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

सहाव्या महिन्यात टेप लावला: उजवा ३०.४, डावा २९.०. फरक ०.४ वरून १.४ झालेला. बाहेरून काही दिसत नव्हतं. विचारल्यावर बाई म्हणाल्या, संध्याकाळी बाही घट्ट वाटते, हात जड होतो. दाब देणारी बाही मापाने घेतली, दिवसा घालायची, रात्री काढायची, सोबत हलकं मालिश. आठव्या महिन्यात फरक ०.८. काखेतल्या गाठी काढलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकीला पुढेमागे सूज येते, त्यामुळे टेप दर तीन महिन्यांनी लागत राहणार आहे.

माझा कागद आता एका पानाचा आहे. त्यावर कोन नाहीत. वरच्या ओळीत लिहिलंय: "हात रोज तीन वेळा खांद्याच्या उंचीपर्यंत न्या. नळी निघाली की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वर." खाली सातव्या दिवसाच्या भेटीची वेळ आणि फोन नंबर. मसुदा बाईंना दाखवला होता. त्यांनी लाल पेनने "खांद्याच्या उंचीपर्यंत" खाली रेघ मारली, समासात एक माणूस काढला आणि त्याचा हात खांद्याला समांतर दाखवला. छापताना तेच चित्र घेतलं.

गेल्या महिन्यात समोरून १५६ भरलं, म्हणजे शस्त्रक्रियेआधी होतं त्याहून आठ अंश जास्त. वरच्या ओळीचं विचारलं. "पोचते," बाई म्हणाल्या, "पण अक्षर वाकडं येतं. तीन वर्षांची सवय गेलेली."